विमानांतील चढ

कर्जतच्या माणसास चढ म्हणजे काय हें निराळें शिकवावें लागत नाहीं. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या येथें थांबतात, त्यांच्या पाठीशीं जादा इंजिनें लागतात, एक धक्का बसतो, उतारूंच्या हातांतला चहा हिंदकळतो, आणि मग गाडी भोरघाटास लागते. १८६३ सालीं घाट खुला झाला तेव्हांपासून आमच्या गांवाचें महत्त्व या धक्क्यांत आहे. वाफेचीं इंजिनें जाऊन विजेचीं आलीं, पण डोंगर कांहीं सपाट झाला नाहीं. अवघड जागीं या लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलेले. संस्कृत तेवढें पाठशाळेंत झालें. पण चौतीस वर्षें मुलांस गणित शिकविलें, आणि प्रमाणाचा धडा आला कीं हेंच उदाहरण फळ्यावर घालीत असूं. याहून कठीण चढावर रोजच्या रोज ओझें नेणारें या मुलखांत दुसरें कोणी नाहीं, अशी आमची पक्की समजूत होती. गेल्या श्रावणांत आमच्याच घरांतील एका मुलीनें ती खोटी ठरविली.

मुलगी म्हणजे आमच्या पुतण्याची कन्या. आम्ही तिचे चुलत आजोबा. ती आम्हांस आबा म्हणते. वय सव्वीस. चार वर्षांपासून ती एका विमान कंपनींत नोकरीस आहे. कंपनीचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. कामाच्या दिवसांत ती अंधेरीस मैत्रिणींबरोबर राहते, सुटी मिळाली कीं कर्जतची लोकल धरते. तिच्या कामास मराठींत ‘हवाई सुंदरी’ असा शब्द रूढ झाला आहे. ज्यानें कोणी तो प्रथम योजिला त्याच्या रसिकतेविषयीं शंका नाहीं. परंतु त्या शब्दांत काम कोठें आहे? आगगाडीच्या गार्डास कोणी ‘लोहमार्ग-मदन’ म्हणत नाहीं. नांवानेंच एकदां ठरवून टाकलें कीं हिचें काम दिसण्याचें, म्हणजे मग तिला कष्ट होत असतील हें कोणाच्या मनांत यावें कसें? वास्तविक दर ५० आसनांमागें एक या हिशेबानें ही मंडळी विमानांत ठेवावी लागते, ती चहा देण्यासाठीं नव्हे. निम्मीं दारें बंद असलीं तरी ९० सेकंदांत विमान रिकामें झालें पाहिजे अशी नव्या विमानाची परीक्षा घेतात. आणि प्रसंग आला तर तें रिकामें करणारी हीच माणसें.

घरांत तिच्या नोकरीविषयीं दोन पक्ष होते. आमच्या वहिनी, म्हणजे तिच्या आजी, यांचें म्हणणें असें कीं घरच्या मुलीनें परक्यांस पानें वाढीत हिंडावें हें कांहीं बरें नव्हे. पुतण्यास व सुनेस तिच्या पगाराचें व इंग्रजी बोलण्याचें कौतुक. आम्ही शिरस्त्याप्रमाणें मध्यें. मात्र एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचें एकमत होतें: विमानांत बसून जावयाचें, त्यांत अंगमेहनत ती काय!

१२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेस विमान कोसळलें. त्यांत बसलेल्या २४२ पैकीं २४१ माणसें गेलीं. विमानांत सेवेस असलेलीं दहाही जणें गेलीं, आणि त्यांतील कांहींचीं घरें आपल्या रायगड-ठाणें भागांतलीं. आमच्या घरांत दोन दिवस कोणी धड जेवलें नाहीं. वहिनींनीं नोकरी सोडण्याचा धोशा लावला. मुलगी चौथ्या दिवशीं पहांटेच्या गाडीनें कामावर गेली. तेव्हांपासून अंगणावरून मुंबईकडे उतरणारें विमान दिसलें कीं घरांतल्या बायका हात जोडूं लागल्या. त्या दिवसांत भीति होती ती अशी मोठ्या अपघाताची. लहान अपघात म्हणून कांहीं असतो, आणि तो वृत्तपत्रांत येत नाहीं, हें आम्हां कोणासही ठाऊक नव्हतें.

दुसऱ्या श्रावणी सोमवारीं ती घरीं होती. संध्याकाळीं सोमवार सोडण्यास पानें मांडलीं. पाटावर बसतांना तिनें एक हात भिंतीस लावला, दुसरा जमिनीवर टेकला, आणि मध्येंच थांबली. बसतांही येईना, उठतांही येईना. चेहऱ्यावर मात्र हसूं होतें. आम्हांस त्या हसण्यानेंच संशय आला. कळ आली असतां हसावयाचें, हें शिकविल्यावांचून कोणास येत नाहीं. जेवणें झाल्यावर ओटीवर नेऊन विचारलें, तेव्हां तिनें हळूहळू सांगितलें.

तीन आठवड्यांपूर्वीं नागपुराहून मुंबईस येतांना ही गोष्ट घडली. आषाढाचे ढग. पट्टे बांधण्याची खूण लागली, उतारूंनीं पट्टे बांधले. हिची व हिच्या सोबतिणीची खाण्यापिण्याची गाडी त्या वेळीं मधल्या वाटेंत होती. ही गाडी भरलेली असली कीं शंभर किलोंच्या घरांत जाते. ती तशीच सोडून चालत नाहीं, कारण विमान हललें तर सुटी गाडी म्हणजे तोफेचा गोळा. ती मागच्या कोठडींत नेऊन खुंटीनें अडकवावयाची, आणि मग आपल्या आसनावर बसून पट्टा बांधावयाचा. चार ओळी राहिल्या होत्या. तेवढ्यांत विमान खचलें. मुलगी म्हणाली, “आबा, पायांखालून जमीन गेली, आणि डोक्यावर छत आलें.” खांदा सामानाच्या फळीवर आदळला, आणि खालीं येतांना कंबर आसनाच्या हातावर पडली. सोबतिणीच्या घोट्यावर गाडीचें चाक गेलें. हिनें उठून प्रथम काय केलें? पुढच्या ओळींतलें एक मूल रडत होतें, त्याच्या आईस धीर दिला. मग गाडी अडकविली. मग बसली. मुंबईस उतरल्यावर दाराशीं उभें राहून प्रत्येक उतारूस नमस्कार केला. कोणीही तिला ‘लागलें का’ म्हणून विचारलें नाहीं. पण तिला लागलें आहे असें दिसूं न देण्याची शिकवण तिनें इतकी नीट पाळली होती कीं उतारूंस दोष देववत नाहीं.

‘छत डोक्यावर आलें’ हें तिचें बोलणें आम्हीं प्रथम अलंकार समजलों. तो अलंकार नव्हे. विमान एकाएकीं खालीं जातें, पट्टा न बांधलेला मनुष्य होता तेथेंच राहूं पाहतो, आणि म्हणून छत त्याच्यावर येऊन आपटतें. पुढच्याच क्षणीं विमान सांवरतें आणि जमीन वर येऊन त्याला भेटते. २१ मे २०२४ रोजीं लंडनहून सिंगापुरास जाणारें एक मोठें विमान ब्रह्मदेशावरून जात असतां असेंच खचलें. त्याच्या तपासांत निघालें कीं विमान सुमारें पांच सेकंदांत १७८ फूट खालीं आलें. आणि माणसें आसनांवरून उडालीं तो पहिला हिसका तर अर्ध्यापाऊण सेकंदाचा होता. एक वृद्ध उतारू त्यांत दगावला. आपल्याकडे १ मे २०२२ रोजीं मुंबईहून दुर्गापुरास गेलेल्या विमानांत १४ उतारू आणि ३ सेवक जखमी झाले. त्यांतील एक उतारू पुढें कांहीं महिन्यांनीं वारला. पावसाचे ढग वैमानिकास यंत्रावर दिसतात, कारण त्यांत पाण्याचे थेंब असतात. निरभ्र आकाशांतली वाऱ्याची खळबळ त्या यंत्रास दिसत नाहीं. अशी जबर खळबळ उत्तर अटलांटिकावर १९७९ ते २०२० या काळांत ५५ टक्क्यांनीं वाढली, असें इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२३ सालीं दाखविलें.

परंतु आमचें मन ज्या आंकड्यानें धरलें तो अमेरिकेंतील आहे. २००९ ते २०२२ या चौदा वर्षांत तिकडील विमानांतून वाऱ्याच्या खळबळीमुळें १६३ माणसांस गंभीर इजा झाल्या. पैकीं १२९ विमानावरचे नोकर आणि ३४ उतारू. एका विमानांत उतारू दीडशें आणि सेवक चार, हें ध्यानांत घेऊन वाचकांनींच त्रैराशिक मांडावें. ज्या वेळीं सर्वांनीं बसावें असें सांगितलें जातें, त्याच वेळीं कोणी तरी उभें असतें. सर्वांस बसविणारें माणूस शेवटीं बसतें.

दुसऱ्या दिवशीं पनवेलीस नेऊन पाठीचें चित्र काढविलें. कमरेच्या चौथ्या व पांचव्या मणक्यांमधली चकती सरकली होती. डॉक्टरांनीं विश्रांति सांगितली, आणि त्यामुळें तीन आठवडे मुलगी माजघरांत पडून व आम्ही उशाशीं, असा योग आला. अशा निवांतपणीं तिनें आम्हांस तिचा कारखाना दाखविला. कारखानाच म्हणावयाचें, उतारूचा तो प्रवास, तिची ती कामाची जागा.

चढाची गोष्ट याच बोलण्यांत निघाली. विमान उंचीवर गेलें कीं सपाट उडतें अशी आमची कल्पना. तसें नाहीं. सरळ जात असतांही त्याचें नाक साधारण दोन-अडीच अंश वर असतें. आणि पल्ला लहान असला म्हणजे तें चढत असतांनाच खाणें वाटावयास निघावें लागतें, तेव्हां चढ याहून अधिक. आम्हीं पाटी मागविली. ३७ स १ या चढाचा कोन दीड अंशाहून किंचित् जास्त येतो. अडीच अंशांचा चढ पडतो २३ स १. म्हणजे भोरघाटाच्या दीडपटीहूनही अधिक! आम्हीं दोनदां मांडून पाहिलें. उत्तर तेंच. “आबा,” ती पडल्या पडल्या म्हणाली, “गाडीला कर्जतला मागून इंजिनें लागतात.” पुढें ती कांहीं बोलली नाहीं.

रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम सीतेला पुष्पक विमानांतून समुद्र आणि अरण्यें दाखवीत अयोध्येस येतो. तो सर्ग आम्हीं किती वेळां वाचला असेल याची गणती नाहीं. बरोबर सुग्रीव-बिभीषणादि मंडळीही आहेत. त्यांस पाणी कोण देत होतें, हा प्रश्न आजवर आमच्या मनांत आला नाहीं. आतां तो सर्ग उघडला कीं प्रथम तोच येतो.

आणखीही पुष्कळ कळलें. विमानाच्या पोटांतली हवा गांवच्या हवेसारखी ठेवलेली नसते. आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तितकी विरळ ती होऊं शकते. आपलें कळसूबाईचें शिखर ५,४०० फुटांचें. म्हणजे महाराष्ट्रांत कोठेंच नाहीं इतक्या उंच डोंगरावर ही मुलें दिवसांतून तीन-चार वेळां चढतात आणि उतरतात. तेथें पाणी ९२ अंशांच्या सुमारासच उकळतें. चहा बेचव होतो, हात मात्र पुरता भाजतो. तिच्या मनगटावर तसे दोन डाग आहेत. ते आम्हीं पाहिले होते. स्वयंपाकघरांतले असतील असें समजलों. सर्दी असतां उडालें तर उतरतांना कानाचा पडदा दुखावतो, प्रसंगीं फाटतो. म्हणून सर्दी झाली कीं उडूं नये असा नियम. पण भत्ता मिळतो तो उडालेल्या तासांवर, मग सर्दी कोण सांगतो? पाठही त्याच कारणास्तव तिनें सांगितली नव्हती. नागपूरच्या त्या फेरीनंतर कागद भरावयाचा होता. त्यांत ‘इजा’ या शब्दापुढें तिनें ‘नाहीं’ असें लिहिलें, आणि पुढले तीन आठवडे कमरेस घट्ट टॉवेल बांधून उड्डाणें केलीं.

आतां आमच्या हातून काय घडलें तें सांगितलें पाहिजे. त्याच सुमारास खालापूरच्या एका घराण्याकडून तिच्याविषयीं विचारणा आली होती. घराणें चांगलें, मुलगा इंजिनिअर. पत्रिका आम्हींच पाहिली होती. डॉक्टरांचें निदान कळलें त्या रात्रीं वहिनींनीं आम्हांस बाजूस बोलावून विचारलें, “भाऊजी, आतां हो?” आणि आम्हीं, ज्यांनीं चौतीस वर्षें मुलांस खरें बोलावें म्हणून सांगितलें त्या आम्हीं, उत्तर दिलें कीं पाठीचें तूर्त बोलूं नये; मुलीच्या जातीस पाठीचें दुखणें म्हटलें कीं लोक पुढल्या बाळंतपणापर्यंत जातात; बरी होईल, मग पाहूं. सकाळीं मुलीसही तेंच सांगितलें. तिनें ऐकून घेतलें. मग म्हणाली, “कंपनीला सांगायचें नाहीं पैशांसाठीं, आणि खालापूरला सांगायचें नाहीं लग्नासाठीं. पणजोबांचा खांदा मात्र तुम्ही आल्यागेल्याला सांगतां.”

त्या खांद्याची हकीकत अशी. आमचे वडील आगगाडीवर गार्ड होते. १९६८ च्या पावसाळ्यांत मालगाडी घेऊन घाट उतरत असतां हिसका बसला, आणि ते ब्रेकच्या डब्यांत पडून गळ्याजवळचें हाड मोडलें. आम्ही तेव्हां लहान, पण चार माणसें त्यांना धरून आणतांना पाहिल्याचें आठवतें. कागदावर ‘हर्ट ऑन ड्यूटी’ असें पडलें. पगारी रजा मिळाली, औषधोपचार मिळाला. हाड जरा वांकडें जुळलें, तें जन्मभर तसेंच राहिलें. तो कागद वडिलांनीं ट्रंकेंत आमच्या पत्रिकांबरोबर ठेविला होता. पाहुणा आला कीं सदरा किंचित् बाजूस करून ते खांदा दाखवीत, आणि त्यांच्या पश्चात् ती गोष्ट आम्ही सांगत आलों. त्यांत लपविण्यासारखें कांहीं आहे असें या घरांत कोणास कधीं वाटलें नाहीं. मग हिचीच पाठ कां लपवावी? आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही उठून नदीवर गेलों. उल्हासेस पूर होता. घाटाच्या दोन पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या. परत आलों तोंवरही सुचलें नव्हतें.

तिच्या वडिलांची तऱ्हा आमच्याहून चमत्कारिक. आमचा पुतण्या खोपोलीच्या बाजूस एका कारखान्यांत सुरक्षेचें काम पाहतो. कामगाराचें बोट चिरडलें तरी त्याची नोंद वहींत झाली पाहिजे, आणि इजेमुळें तो ४८ तास कामावर येऊं शकला नाहीं तर सरकारी निरीक्षकास वर्दी गेली पाहिजे, ही १९४८ च्या कारखाने कायद्यानें घालून दिलेली रीत तो वीस वर्षें पाळीत आला. नोंद न करणाऱ्या मुकादमास त्यानें किती वेळां फैलावर घेतलें तें आम्हीं त्याच्याच तोंडून ऐकलें आहे. त्या रात्रीं आम्हीं त्याला विचारलें, “हिची नोंद झाली का रे?” तो बराच वेळ भिंतीकडे पाहत बसला. म्हणाला, “काका, विमान म्हणजे कारखाना असें माझ्या डोक्यांतच आलें नाहीं.”

नंतर त्यानेंच कायद्याचें पुस्तक आणलें. १९२३ सालीं कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. इजा नोकरीमुळें आणि नोकरी करीत असतां झालेली असावी, ही त्याची कसोटी. त्यांत कामगार म्हणजे कोण याची व्याख्या आहे. तिच्या पहिल्या पोटकलमांत रेल्वेचा नोकर आहे. आणि त्याच्या पाठोपाठ, जहाजावरच्या खलाशाशेजारीं, विमानावरचा नोकरही पुढें घातलेला आहे. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली, आम्हीं वाचला तो जुना.) पणजोबा व पणती एकाच व्याख्येंत, दोन ओळींच्या अंतरानें बसलेलीं पाहून आम्हांस काय वाटलें तें सांगतां येत नाहीं. कायदे करणारांस जें दिसलें तें माजघरांत बसून आम्हांस दिसलें नव्हतें.

मुलीनें अर्ज लिहिला. उशीर कां झाला याचें कारण द्यावयाचें होतें. पुतण्यानें तेथें एक सोईस्कर वाक्य सुचविलें. तें तिनें घातलें नाहीं. “भत्ता बुडेल या भीतीनें सांगितलें नाहीं” असें सरळ लिहिलें. सोबतिणीनें आपल्या घोट्याचें पत्र जोडलें. कंपनीच्या डॉक्टरांनीं तपासून तिला जमिनीवरचें काम दिलें. उड्डाणाचा भत्ता अर्थात् बंद झाला, आणि तिच्या लहान भावाच्या शिक्षणाचा हप्ता तिच्या पगारांतून जात असे तो आतां घराच्या सामाईक खर्चांतून जातो. भरपाईचें प्रकरण चालू आहे. त्याविषयीं आज अधिक लिहिणें युक्त नव्हे.

पनवेल तालुक्यांतल्या नव्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें, आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमानें उडूं लागलीं. त्यानंतर कर्जत-खालापूरकडचे तीन पालक आमच्याकडे येऊन गेले. मुलीस या नोकरींत घालावें का, हा त्यांचा प्रश्न. आम्ही त्यांस मुलीपाशीं पाठवितों. ती नोकरी वाईट असें म्हणत नाहीं. पाठ बरी झाली कीं आपण पुन्हां उडणार असें सांगते. मात्र कमरेचा पट्टा दाखविते, मनगटावरचे डाग दाखविते, आणि पहिल्या दिवसापासून दुखलें खुपलें तें कागदावर घालीत जा असें बजावते. एका गृहस्थांनीं तिला विचारलें, “मग हंसत कां असतां तुम्ही?” ती म्हणाली, “तुम्ही घाबरूं नये म्हणून.”

खालापुरास पत्र आम्हींच लिहिलें. आधीं लपवावें असें आम्हीं सुचविलें होतें हेंही त्यांत लिहिलें. वहिनी दोन दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत. आठ दिवसांनीं तिकडून उत्तर आलें: डॉक्टरांचे कागद पाहावयास मिळाले तर बरें. वहिनींस तें अपमानाचें वाटलें. आम्हांस तें वाजवी वाटलें, आणि कागद पाठविले. अद्याप होकार नाहीं, नकारही नाहीं. मुलगी त्याविषयीं विचारीत नाहीं.

घरांत पंगतीला खुर्चीवर बसून जेवण्याची चाल कधीं नव्हती. वडील खांदा मोडल्यावरही पाटावरच बसत. गेल्या महिन्यांत वहिनींनीं माळ्यावरची वेताची जुनी खुर्ची काढविली, बुरुडाकडून नवा वेत घालून घेतला, आणि सणाच्या दिवशीं स्वतःच्या पानाशेजारीं ती स्वतः मांडली.